काळी, पांढरी आणि धातुशोधक यंत्र

रेल्वे स्थानकाच्या किंवा मोठ्या देवस्थानाच्या दारातील धातुशोधक चौकट शहरातील माणसाच्या इतक्या सवयीची झाली आहे की तिच्या आवाजाकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याच चौकटीचा धाकटा भाऊ म्हणजे हातात धरायचे दांडीचे यंत्र. टोकाला ताटलीएवढी तबकडी, वरच्या अंगाला मूठ आणि छोटा पडदा, कानाला श्रवणयंत्र. इंग्लंड-अमेरिकेत हा सुटीच्या दिवसाचा छंद आहे. आपल्याकडेही हे यंत्र आता सहज विकत मिळते. ते परभणी जिल्ह्यातील एखाद्या शेतात पहिल्यांदा चालू होते तेव्हा नेमके काय घडते आणि काय घडू नये, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिल्या फेरीचे सर्वांत सरळ निमित्त हरवलेल्या वस्तूचे असते. कापूस वेचताना गळ्यातील डोरले तुटते, निंदताना पायातील जोडवे निसटते. मजूर स्त्रीच्या दृष्टीने ती कित्येक महिन्यांची कमाई असते. वस्तू कोणत्या तासात पडली याचा साधारण अंदाज असतो, शेतमालकाची संमती असते, शोधायचे काय हेही ठाऊक असते. नवशिक्याने शिकण्यासाठी यापेक्षा चांगला धडा नाही. चैत्र-वैशाखात रान मोकळे झाले की तबकडी जमिनीलगत फिरवता येते, ही आणखी एक सोय.

तरीही पहिली पंधरा मिनिटे बहुधा मनस्तापाची जातात. यंत्र सुरू केल्याबरोबर ते सगळीकडेच कुणकुणू लागते. नवशिक्याला वाटते यंत्र बिघडले, किंवा (आणि हे अधिक धोक्याचे) शेतभर धनच पुरलेले आहे. खरे कारण मातीत असते. तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि जमिनीत तसेच बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह उठतात. त्यांचेही एक दुबळे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या लहरींत किती अंतर पडले, यावरून धातू लोखंडी आहे की तांब्या-रुप्यासारखा, याचा अदमास यंत्र बांधते. तो अदमासच असतो, निकाल नव्हे.

परभणीची काळी कसदार जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. त्या खडकात मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजे भरपूर असतात आणि ती मातीतही उतरली आहेत. म्हणजे यंत्राला जमीनच किंचित धातूसारखी भासते. त्यावर उपाय आहे. स्वच्छ जागा पाहून तबकडी जमिनीपासून हातभर वर उचलावी, पुन्हा खाली आणावी आणि आवाज सारखा होईपर्यंत जमिनीचा समतोल साधणारी कळ फिरवावी. शिवाय शोधणाऱ्याच्या हातातील कडे, खिशातील मोबाइल, बाजूला ठेवलेली कुदळ आणि डोक्यावरून गेलेली वीजवाहिनी यांचाही त्या गोंगाटात वाटा असतो. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यालाही हा अनुभव आला होता. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी बेलने असेच यंत्र रचले. गोळी सापडली नाही. गादीतील पोलादी तारा यंत्राला चकवीत होत्या, शिवाय शोधही शरीराच्या एकाच बाजूला चालला होता. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड यांचे निधन झाले.

समतोल साधल्यावर खरी फेरी सुरू होते. तबकडी जमिनीला समांतर ठेवून, गवत कापल्यासारखी डावीकडून उजवीकडे, प्रत्येक फटका मागच्याच्या अर्ध्यावर चढेल अशी सावकाश फिरवायची. खणखणीत आणि दोन्ही दिशांनी सारखा आवाज आला तर तेथे काही तरी आहे. खुरप्याने माती काढायची, फडक्यावर पसरायची, पुन्हा तबकडीखाली धरायची. दुपारपर्यंत पिशवीत काय जमा होते? बैलाच्या खुराची पत्री, वखराच्या पासेचा तुकडा, बैलगाडीच्या धावेचा गंजलेला अंश, मोटारीच्या पेटीचे स्क्रू, कीटकनाशकाच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचे आणि चमकदार पुड्या. या बुचांनी अनेकांची निराशा केली आहे, कारण यंत्राच्या पडद्यावर ॲल्युमिनियम आणि सोन्याची बारीक वस्तू जवळजवळ सारखीच दिसते. लोखंडासकट सगळा कचरा गाळून टाकणारी कळ दाबली तर हवे असलेले डोरलेही त्याबरोबर गाळले जाण्याची भीती असते. म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक आवाज खणून पाहणे हेच शिक्षण. उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवणेही त्यातच आले. बैलाचा पाय अशाच खड्ड्यात मुरगळतो.

खोलीचे गणित मात्र जाहिरातीतून शिकू नये. साध्या यंत्राला एकटे नाणे वीतभर, फार तर त्याहून थोडे अधिक खोल असेपर्यंतच कळते. लोहयुक्त मातीत त्याहूनही कमी. मोठे भांडे अधिक खोलवर जाणवते, पण तेही काही हातांच्या आतच. काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात ती फाटते, भेगा कधी मीटरभर खोल जातात आणि पावसाळ्यात फुगून मिटतात. वरची वस्तू भेगेतून खाली जाते, खालची माती वर येते. जमीन अशी स्वतःच स्वतःला नांगरत असल्यामुळे गेल्या वर्षी हरवलेले जोडवे जेथे पडले त्याच पातळीवर असेल, याची खात्री देता येत नाही.

पुरलेल्या धनाचा मोह येथूनच आडवा येतो. याच जिल्ह्यातील मानवत गावी १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया आणि लहान मुलींचे खून झाले आणि त्यांची मुळे गुप्तधनाच्या व अपत्यप्राप्तीच्या अघोरी समजुतींपर्यंत गेल्याचा आरोप ठेवण्यात आला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. अमोल पालेकरांच्या १९८१ मधील ‘आक्रीत’ या चित्रपटामागे हेच प्रकरण होते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा म्हणूनच वेगळा उल्लेख आहे. आता मांत्रिकाच्या लिंबाची जागा कधी कधी यंत्राने घेतलेली दिसते. शेकडो मीटर अंतरावरून सोने दाखवणारी म्हणून जी यंत्रे विकली जातात, त्यांना भौतिकशास्त्राचा कोणताही आधार नाही. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून बेतलेले एक पोकळ यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश व्यावसायिकाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. बगदादच्या नाक्यांवर त्या पोकळ दांडीवर विसंबून वाहने सोडली जात होती.

मात्र खरे, निर्दोष, चांगले चालणारे यंत्रही नुकसान करू शकते, आणि ते कसे हे समजण्यासाठी मराठी खेड्याने स्वतःच घडवलेला एक भेद उपयोगी पडतो. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे आणि खापरे साचून वस्तीची जमीन पांढुरकी होते. गाव उठून गेले तरी टेकाड मागे राहते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठांवर अशी पांढरीची टेकाडे आढळतात. पुरातत्त्वज्ञांच्या लेखी ती थरांची पोथी आहे, आणि पोथीचे पान जसे क्रमानेच वाचावे लागते तसे थर वरून खाली क्रमानेच उलगडावे लागतात. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, कोणत्या चुलीलगत होते, यावर त्याचा अर्थ ठरतो. वीतभर खड्डा पाडून ते उपसले की हाती धातू येतो, पान मात्र फाटते. शेतकरी खत म्हणून पांढरीची माती काळीत टाकीत आले आहेत, त्यामुळे शेतातही एखादे जुने नाणे निघू शकते. ते मुळातच आपल्या जागेवरून हललेले असते.

या नुकसानीचे मोल दोन उदाहरणांत दिसते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जिंकणारा कोण, हरलेला कोण हे त्या प्रमाणानेच सांगितले. साठा फुटून सोनारांच्या मुशीत गेला असता तर उरलेल्या दोनचार नाण्यांनी एवढे बोलले नसते. उलट बाजू दायमाबादची. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावी १९७४ मध्ये एका ग्रामस्थाला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भव्य धातुशिल्पे सापडली. त्यांचे वजन साठ किलोंहून अधिक आहे. ती उत्तर हडप्पा काळातील मानली जातात. परंतु शास्त्रीय उत्खननात, थरासकट ती मिळाली नसल्यामुळे काळाविषयीचा वाद पुरता मिटलेला नाही. त्या ग्रामस्थाचा यात काडीचा दोष नाही. यंत्र घेऊन मुद्दाम टेकाडावर जाणाऱ्याला ती सबब उरत नाही.

कायदाही याच दिशेने बोलतो. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम (निखात म्हणजे पुरलेले) जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूला निधी मानतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर काय सापडले, कोठे आणि केव्हा सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. दहा रुपयांची ही मर्यादा आज हास्यास्पद वाटली तरी कायद्यात तोच आकडा आहे. त्यानंतर जाहीर नोटीस निघते आणि चार ते सहा महिन्यांच्या अंतराने दावेदारांना बोलावले जाते. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल, तर तीनचतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एकचतुर्थांश जमीनमालकाला, अशी वाटणी आहे. शासनाला तो हवा असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एकपंचमांश रक्कम देऊन घेता येतो. लपवून ठेवल्यास वाटा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. संरक्षित स्मारकांच्या आणि स्थळांच्या हद्दीत परवान्याविना उत्खनन करण्याला तर १९५८ च्या केंद्रीय कायद्याने मनाईच आहे, राज्याचाही १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या नाण्यांचा आणि मूर्तींचा व्यापार १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतो. चारठाण्याच्या मंदिरांभोवती किंवा धारासूरच्या गुप्तेश्वराच्या आवारात यंत्र घेऊन फिरण्याची कल्पना नवशिक्याने मनातूनच काढून टाकलेली बरी.

मग काळीतच, डोरले शोधता शोधता, खुरप्याला मडक्याची कड लागली तर? खणणे तेथेच थांबवावे, वस्तू जागेवरच ठेवावी, जागेची खूण आणि छायाचित्र घ्यावे, शेतमालकाला सांगावे आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. हे सांगायला सोपे आणि करायला कठीण आहे, कारण हात आवरत नाहीत. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन गावी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज हा निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन निघाला होता. सोन्या-चांदीची रोमन नाणी ओंजळीत येऊ लागली, तेव्हा त्याने हात आवरला आणि पुरातत्त्व विभागाला कळवले. जवळजवळ पंधरा हजार नाणी, दागिने, चांदीचे चमचे आणि ते ज्या लाकडी पेटीत रचले होते तिच्या खुणादेखील तज्ज्ञांना जागेवर पाहता आल्या. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले, ते लॉजने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.