पाणी मचूळ, फेस फुसका

डहाणूत समुद्राच्या अंगाला ज्यांची घरं आहेत, त्यांना मचूळ पाणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. डाळ शिजता शिजत नाही, चहाला वेगळीच चव येते, आणि डोक्याला साबण लावला तर केस धुतल्यानंतर अधिकच चिकट होतात. आमच्या विहिरीचं पाणी याच जातीचं. इतकी वर्षं आम्ही ते निमूटपणे चालवून घेतलं होतं. कुरकुर सुरू झाली ती अण्णांची दाढी करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हापासून.

अण्णा म्हणजे माझे वडील. तलासरी तालुक्यातल्या शाळांमधून त्यांची सारी नोकरी झाली. रोज सकाळी सहाला, पडवीच्या खांबाला आरसा टांगून, स्वतःच्या हातानं वस्तऱ्यानं दाढी करायची, हा त्यांचा नेम. ताप असला तरी चुकायचा नाही. 'दाढी वाढलेला मास्तर पोरांना काय शिकवणार?' असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बाकी पुष्कळ गोष्टी त्यांनी सोडल्या. दाढी सोडली नाही.

तेव्हापासून आमचे नाभिककाका घरी येऊ लागले. हे काका एके काळी तलासरीच्या आठवडी बाजारात झाडाखाली धोकटी उघडून बसत. धोकटीत वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा, तुरटीचा खडा आणि पाण्याची पितळी वाटी. पुढे डहाणू रोडला त्यांचं दुकान झालं. शिकलेलं मनुष्य नव्हे, पण १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला होता, हे त्यांनी मला सांगितलं होतं, तेही माझी दाढी करता करता. 'वस्तरा कुठे चालवायचा नाही हे कळणं, हीसुद्धा विद्याच,' असं ते म्हणत.

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. एक दिवस त्यांनी वस्तरा मिटला आणि म्हणाले, 'गुरुजी, आता माझा हात तुमच्या गळ्यावर नको.' अण्णा काही बोलले नाहीत. काकांनी वस्तरा माझ्या हातात दिला. जुना पोलादी नव्हे, अर्धं पातं बसवायचा. एड्सची धास्ती पसरली तेव्हा जुने वस्तरे मागे पडले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं हा रिवाज पडला. चांगलंच झालं म्हणायचं. दगडावर धार लावण्याची कला तेवढी गेली.

डॉक्टरांचं मत विजेच्या यंत्राला होतं, कारण अण्णांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. यंत्र आणलं. अण्णांनी दोन मिनिटं सोसलं आणि तोंड फिरवलं. 'गवत कापतोयस का?' एवढंच म्हणाले. तीन दिवस दाढी नाही. चौथ्या दिवशी त्यांनी भेटायला आलेल्या जुन्या विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठवायला सांगितलं. मग मी डॉक्टरांना भीत भीत विचारलं. 'कापू नका म्हणजे झालं,' असं ते म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात कापलं. हनुवटीखाली, मुगाच्या दाण्याएवढं. एरवी तुरटी फिरवली की मिनिटात थांबणारं रक्त पाऊण तास दाबून धरलं तेव्हा थांबलं. हिनं मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. अण्णा मात्र काकांच्या नावाचा जप करत बसले.

शेवटी काकांनाच रिक्षानं घेऊन आलो. त्यांनी वस्तरा पाहिलाच नाही. वाटीतला फेस दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाले, 'हा फेस नाही, कापूस आहे. फेस उंच नको, ओला पाहिजे. बोटं घसरली पाहिजेत.'

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण फेसाचा डोंगर पाहून खूश होतो. पण फेसातले बुडबुडे म्हणजे हवा; ती कातडीला वाचवत नाही. वाचवतं ते पात्याखालचं साबण-पाण्याचं बुळबुळीत अस्तर. शिवाय दाढीचा केस पाणी प्याला की मऊ होतो आणि पात्याला जोर कमी लागतो. म्हणून आधी दोन-तीन मिनिटं कोमट ओला पंचा गालावर ठेवायचा आणि मग फेसानं ते पाणी धरून ठेवायचं. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियमचा क्षार असतो, त्यामुळे त्याचा फेस दाट आणि टिकाऊ होतो. अंगाच्या साबणाचा भराभर विरतो. पण साबण कितीही भारी आणा, मचूळ पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आधी त्यालाच धरतात आणि त्याचा साका करतात. मिठाचंही तेच. साबणाच्या कारखान्यात साबण वेगळा काढायला मीठच घालतात! म्हणजे आमची विहीर रोज सकाळी फेसाचा काटा काढत होती.

मग प्रयोग सुरू झाले, अर्थात माझ्या गालावर. पाणी उकळून पाहिलं. थोडा फरक पडला, पण उकळण्यानं सगळेच क्षार जात नाहीत आणि मीठ तर मुळीच जात नाही. खोबरेल घातलं, तर फेस बसला. रिठ्याचं पाणी घातलं. फेस वाटीबाहेर आला, पण कातडी कोरडी पडली आणि डोळे असे झोंबले की पुढची दाढी एका डोळ्यानं केली. सगळ्यात मोठा शहाणपणा तुरटीचा. गढूळ पाणी तुरटीनं निवळतं, तर मचूळ पाणी का सुधारू नये? चिमूटभर पूड टाकली आणि ब्रश फिरवला. फेस डोळ्यांदेखत फुटला, वाटीत दह्यासारखे कण राहिले. तुरटीतल्या ॲल्युमिनियमनं साबणाचा साराच साका केला होता. काका ऐकून पोट धरून हसले. 'तुरटी नंतर, तुरटी नंतर!'

जमलं ते साध्या वस्तूंनी. औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरिनचे तीन-चार थेंब. ते पाणी धरून ठेवतं आणि फेस सुकू देत नाही. चमचाभर जवस कपभर पाण्यात उकळून गरम असतानाच गाळले की अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस निघतो. त्याचा अर्धा चमचा वाटीत. फेस उंच होत नाही, पण बोट गालावर ठरत नाही. हा रस फ्रिजमध्ये ठेवला तरी चार-पाच दिवसांत वास मारतो, म्हणून थोडाच करावा. कोरफडीचा गरही चालतो, मात्र कापल्यावर निघणारा पिवळा चीक निथळू द्यावा. तो कातडीला खाजरा. जास्त घातलं की साबणच पातळ होतो, हेही अनुभवाचे बोल.

आणि पाणी? एकदा काकांच्या तोंडून निघून गेलं, 'तलासरीच्या बाजारात साबण निम्माच लागायचा हो.' तिकडच्या आतल्या विहिरींचं पाणी गोडं. तोच साबण, तोच हात, पंचवीस-तीस किलोमीटरांत फेस बदलायचा! आता तिकडे कोणी जाणारं असलं की मी पाच लिटरचा कॅन हातात देतो. लोक पिण्यासाठी पाणी आणतात, मी दाढीसाठी, म्हणून थोडी चेष्टाही होते. पावसाळ्यात तेवढंही लागत नाही. पहिल्या दोन-तीन सरींनी कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांखाली पिंप लावायचं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच.

या जूनमध्ये पिंप भरलं त्या दिवशी अण्णांना पडवीत आणून बसवलं. पंचा ठेवला, फेस घोटला. बाहेर चिकूच्या पानांवर पाऊस वाजत होता. पातं गालावरून गेलं ते मलाच कळलं नाही. दाढी झाली, तुरटी फिरवली. झोंबलं नाही, म्हणजे कुठे कापलं नव्हतं. अण्णांनी आरसा मागितला. डावा हात सावकाश गालावरून, जबड्यावरून, कानापर्यंत नेला आणि तिथे थांबवला.

'इथे राहिलंय,' ते म्हणाले.

मी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.