फीत कापल्यानंतर

सुप्याचं धरण १९८७ मध्ये पुरं झालं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपा पाण्याखाली गेलं, बरीच माणसं रामनगरला हलली, तालुक्याचा कारभार जोयड्याहून चालू लागला. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान उघडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण आमच्या पिढीच्या डोक्यात त्या शेजारीशेजारी बसल्या आहेत. अजस्र यंत्रं आम्ही पहिल्यांदा पाहिली ती धरणावर आणि नंतर टीव्हीवरच्या त्या जाहिरातीत. जाहिरातीचं गाणं धरणाजवळच्या गणेशगुडीच्या पोरांनाही पाठ होतं. घरी हट्ट धरला की उत्तर ठरलेलं: जत्रेतला पाळणा काय कमी आहे?

पाळणा कमी नव्हता, हे आता कळतं. जत्रेचा पाळणावाला गावोगाव पाळणा सुटा करतो आणि पुन्हा जोडतो. त्यामुळे इच्छा असो वा नसो, त्यातल्या प्रत्येक बोल्टला वर्षातून कितीतरी वेळा माणसाचा हात लागतो. कायमच्या उद्यानात तसं होत नाही. तिथे बोल्ट एकदा बसला की बसला. पुढे त्याच्याकडे कोणी पाहायचं हे कोणीतरी ठरवावं लागतं आणि त्याला पगार द्यावा लागतो.

बोरिवलीहून खाडी बोटीने ओलांडून एस्सेलवर्ल्डला जाणं हीच नव्वदच्या दशकात अर्धी सहल होती. पैसा, जागा, नाव, सगळं असताना त्या उद्यानाची मोठी वाढ कोणती झाली? १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम उभं राहिलं. म्हणजे वाढ झाली ती पाण्याच्या बाजूला. कोरड्या बाजूला पुढेही राइड्स येत राहिल्या, पण उद्यानाचा चेहरा पालटेल असं काही आलं नाही. अखेरच्या वर्षांत आलं ते पक्षी उद्यान. पक्ष्यांशी माझं वैर नाही, पण रोलर कोस्टरची वाट पाहणाऱ्याला पोपट दाखवून किती दिवस गप्प बसवणार? कोविडच्या फटक्यानंतर एस्सेलवर्ल्ड बंद पडलं. वॉटर किंगडम चालू आहे. पाणी शेवटी जिंकतं, हे सुप्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरा अध्याय खोपोलीजवळचा. फिल्म प्रक्रियेच्या धंद्यातून आलेल्या मनमोहन शेट्टींनी एप्रिल २०१३ मध्ये अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका उघडलं. सुमारे सोळाशे कोटींचा खेळ होता. आमच्यासारख्यांना तेव्हा खरंच भरून आलं होतं, कारण ‘निट्रो’ हा रोलर कोस्टर बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची बोलिजर अँड माबियार होती. या नावाला कोस्टरवेड्यांत जो मान आहे, तो फार थोड्या कंपन्यांना आहे. ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइड होती, अंधारात धावणारा ‘डीप स्पेस’ होता. हे फक्त झुल्यांचं मैदान नव्हतं. प्रत्येक राइडला गोष्ट होती आणि गोष्टीला नेपथ्य होतं.

पुढचा क्रम पाहा. २०१४ मध्ये वॉटर पार्क, २०१५ मध्ये हॉटेल, २०१६ मध्ये बर्फाचं उद्यान. निट्रोला जोडीदार मात्र मिळाला नाही. गर्दी अपेक्षेइतकी झाली नाही, कर्ज हजार कोटींच्या वर होतं आणि २०१७ मध्ये जीएसटी आला तो थेट २८ टक्क्यांचा. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर उतरला. मग कोविड. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने उद्यान घेतलं आणि ते वाचलं, हे मान्य करायलाच हवं. पण मालपाणींचा हातखंडा लोणावळा आणि शिर्डीच्या वॉटर पार्कांचा. विस्तार होतो आहे, पण तो नव्या गावांत नव्या घसरगुंड्यांचा.

मालकांचं गणित मला समजत नाही असं नाही. घसरगुंडी फायबरची असते, देशातच बनते, पंप आणि पाण्याची गाळणी नीट राखली की चालते. वर आपला उन्हाळा स्वतःच तिची जाहिरात करतो. रोलर कोस्टरचं तसं नाही. रुळावर धावणाऱ्या चाकांवरचं पॉलियुरेथेन झिजतं, सुटे भाग परदेशातून यायचे, गाडी ठरावीक काळाने डबा डबा सुटा करून धातूला केसाएवढी चीर गेली आहे का हे तपासायचं. ओहायोतलं सीडर पॉइंट किंवा इंग्लंडचं ऑल्टन टॉवर्स हे काम हिवाळ्यात करतात, कारण तेव्हा तिथे उद्यानंच बंद असतात. आपल्याकडे गर्दी ओसरते ती पावसाळ्यात, आणि घाटाच्या पायथ्याच्या पावसात ना रंग वाळतो, ना उघड्यावर वेल्डिंग करता येतं. म्हणजे निवांत दुरुस्तीचा जो काळ, तोच दुरुस्तीला सर्वांत वाईट. मग काम रात्री उरकायचं, नाहीतर भर हंगामात राइड बंद ठेवायची. या अडचणीवर कुठला मंत्री भाषण करत नाही. फीत कापायला मात्र सगळे हजर.

देखभाल म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हे, हे अहमदाबादने १४ जुलै २०१९ रोजी दाखवलं. कांकरिया तलावाजवळचा लोलकासारखा झुलणारा पाळणा चालू असताना तुटून खाली आला. दोघं गेले, दोन डझनांहून जास्त जखमी झाले. तेव्हापासून ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ ही पाटी दिसली की माझा अर्धा राग विरतो. उरलेला अर्धा मात्र तसाच राहतो. एका उद्यानात, नाव नको, ही पाटी पत्र्यावर ऑइल पेंटने रंगवून घेतलेली होती. तिथे एवढीच वस्तू नव्यासारखी दिसत होती.

हे सगळं अटळ आहे असं मात्र नाही. वंडरला कोचीत २००० मध्ये वीगालँड या नावाने सुरू झालं. २००५ मध्ये बंगळुरूजवळ बिडदी, २०१६ मध्ये हैदराबाद, २०२४ मध्ये भुवनेश्वर. प्रत्येक पावलात अंतर आहे. पाणी त्यांनीही सोडलेलं नाही, पण कोरडे झुलेही राखले, आणि बऱ्याच राइड्स स्वतःच्या कारखान्यात बनवल्या. ज्याने राइड बनवली, त्याला दुरुस्तीसाठी परदेशी पत्र धाडावं लागत नाही. आम्ही जोयड्याचे कागदोपत्री कर्नाटकचे, तरी मन मुंबईकडे. त्यामुळे बिडदीचं कौतुक करताना जरा जड जातं.

इमॅजिका आणि वंडरला, दोन्ही कंपन्या शेअर बाजारात आहेत. त्यांचे वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतात. त्यात किती लाख लोक आले याचा रंगीत तक्ता पुढे असतो आणि ‘दुरुस्ती व देखभाल’ ही ओळ मागे, बारीक टाइपात. मी ती आधी उघडतो. घरच्यांना वाटतं, मी शेअर घेतले आहेत.