रात्री उठावं लागतं का?

सकाळी आठ. डहाणू रोडहून विरारकडे जाणारी लोकल भरून निघते तेव्हा आमची गाडी चारोटी नाक्याच्या वाटेला लागलेली असते. गाडीवर नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. 2013 च्या फेब्रुवारीत ही देशव्यापी योजना पालघरमधूनच सुरू झाली, हे इथेही फार कुणाला ठाऊक नाही. पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता, सिस्टर. सोबत वजनकाटा आणि उंचीची पट्टी.

साडेनऊ. तलासरी तालुक्यातली आश्रमशाळा. दात, कान, खरूज, डोळे. रांग भराभर सरकते.

अकरा. आठवीतली मुलगी काट्यावर उभी राहते. 27 किलो. कार्डावर गेल्या वर्षीचा आकडा 28. उंची वर्षभरात तसूभर वाढलेली नाही. पापणी आतून पांढरी, गालाच्या आत दोन फोड. आमच्या भागात इथे ‘कुपोषण’ लिहून पुढच्या पोराला हाक मारायची सवय हाताला लागून जाते. पण वाढत्या वयात वजन थांबणं वेगळं आणि उतरणं वेगळं.

“पोट दुखतं का गं?” मान नकारार्थी. मुलांच्या रांगेसमोर आणखी काय सांगणार? सिस्टर तिला पडवीत घेऊन जातात.

“रात्री संडासला उठावं लागतं का?”

“हो.”

“किती वेळा?” दोन बोटं वर होतात.

“रक्त पडतं?” ती खाली बघते. मग हळूच, “गणपतीपासून.”

आता जानेवारी आहे. मधल्या काळात तिला जंताची गोळी मिळाली, अधूनमधून जुलाबाचीही. जंत, अमिबा, आतड्याचा क्षय या सगळ्यांची शंका घ्यायलाच हवी, म्हणून शौच आणि रक्ताची तपासणी लिहिली. पण इतके महिने रक्त, रात्रीची उठबस, उतरतं वजन म्हटल्यावर आयबीडी, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह, हीही शंका डोक्यात हवी. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. सूज फक्त मोठ्या आतड्याला असते तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो तो क्रोन्स. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय दुर्बिणीतूनही एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे आपल्याकडे भल्याभल्या तज्ज्ञांची गाडी तिथे अडते.

कार्यक्रमाच्या मूळ यादीत तीस आजार आहेत, त्यात आयबीडी नाही. फॉर्मवर चौकोनच नाही, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात पेनाने लिहिलं.

दीड. डबा.

अडीच. ग्रामीण रुग्णालय. अकरा वर्षांचा मुलगा, वडील आणि आजी. मुंबईत दुर्बिणीने तपासून कोलायटिसचं निदान झालेलं. औषधं तिथल्या तज्ज्ञांची, मधली देखरेख आमच्याकडे. त्यासाठी सहा प्रश्नांचा एक तक्ता आहे: पोटदुखी, रक्त, शौच पातळ की घट्ट, दिवसातून किती वेळा, रात्री उठणं, खेळणं-बागडणं. एकूण गुण 85. दहाच्या खाली आजार शांत, 65 किंवा त्याहून जास्त असतील तर तातडीने दाखल करायचं. सुई नाही, यंत्र नाही. तलासरीसाठीच बनवल्यासारखा वाटतो हा तक्ता! आज या मुलाचे पाच भरले.

तो अझाथायोप्रिन घेतो. या गोळीने पांढऱ्या पेशी उतरू शकतात, आणि काही भारतीयांत जनुकीय कारणाने फार झपाट्याने उतरतात. म्हणून सुरुवातीला थोड्या थोड्या दिवसांनी, मग साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. वडिलांना बजावलं, “ताप आला तर घरी वाट बघू नका, दादा. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने थांबवू नका.”

आजीचा पक्का समज, दुखऱ्या पोटाला पेजच बरी. “आजी, पेज द्या, पण तिच्याबरोबर डाळ, अंडं, मासळीही द्या. नुसत्या पेजेवर पोर वाढणार कसा?”

क्रोन्समध्ये तर सहा ते आठ आठवडे नुसत्या पोषक द्रवाहारावर ठेवून मुलांची सूज उतरवतात, स्टेरॉइडशिवाय. स्टेरॉइडने वाढ खुंटते, म्हणून हा उपाय मोलाचा. पण त्या द्रवाहाराच्या डब्यांचा खर्च वीटभट्टीवरच्या मजुरीत बसत नाही.

चार. फोन. सकाळच्या मुलीचे आईवडील दिवाळीनंतर भिवंडीकडे भट्टीवर गेलेत. मुकादमाचा नंबर आश्रमशाळेच्या अधीक्षिकांनी शोधून दिला. “बाय, पोरीला मुंबईला न्यायचंय,” म्हटल्यावर पलीकडून पहिला प्रश्न, “किती दिवस?” खर्चाचा प्रश्न दुसरा. मजुरीची उचल आधीच घेतलेली असते. दोन दिवस तपासणीला लागतील म्हणून सांगितलं, वडील येतो म्हणाले.

चिठ्ठीत वजन, उंची, मागच्या वर्षीचे आकडे लिहिले. शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी आतड्यातली सूज दाखवते, पण त्यासाठीही नमुना मुंबईलाच जाईल. दुर्बीण तिथेच, मुलांच्या पोटविकारांचे तज्ज्ञही तिथेच.

सहा. परतताना नोंदी पूर्ण करायच्या.

आश्रमशाळांतल्या शिक्षकांना, अधीक्षिकांना आणि अंगणवाडीताईंना एकच विनंती आहे. मुलाचं वजन उतरलं, शौचात रक्त दिसलं किंवा ते रात्री पुन्हापुन्हा उठायला लागलं, तर आमच्या पुढच्या फेरीची वाट बघू नका. वजनाचं जुनं कार्ड सोबत घेऊन त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवा.