तोफ, रूळ आणि नाडी : जुन्या क्रोनोग्राफच्या तबकडीवरचा इतिहास

जुन्या क्रोनोग्राफ मनगटी घड्याळांचा इतिहास सहसा कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. माझ्या मते तो तबकडीच्या कडेला छापलेल्या बारीक पट्टीत जास्त खरा सापडतो. घड्याळ कुणाच्या कामासाठी घडवले, हे ती पट्टी सांगते. आतले यंत्र ते सांगत नाही, कारण एकच यंत्र अनेक कंपन्या वापरत. हे म्हणणे तपासायला जबलपूरसारखे गाव शोधून सापडणार नाही. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग इथेच जोडला गेला, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, आणि १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय. रूळ, तोफ आणि नाडी या तिन्हींसाठी क्रोनोग्राफवर वेगवेगळ्या पट्ट्या असत.

यंत्राची गोष्ट थोडक्यात अशी. १८२१ मध्ये निकोलस रियुसेक याने पॅरिसच्या घोडशर्यतीत शाईचा ठिपका उमटवून सेकंद मोजणारे उपकरण वापरले. १८४४ मध्ये अ‍ॅडॉल्फ निकोल याने हृदयाच्या आकाराच्या चकतीचे पेटंट घेतले. तिच्यावर छोटा हातोडा आपटला की काटा कुठेही असला तरी शून्यावर येतो. चावीच्या क्रोनोग्राफमध्ये ही चकती आजही असते. लाँजिनने १९१३ मध्ये मनगटासाठी खास यंत्र बनवले, ब्राइटलिंगने १९३४ मध्ये शून्यावर आणण्यासाठी दुसरे बटण दिले, आणि १९३८ च्या सुमारास आलेले व्हालजू ७२ हे यंत्र पुढची तीसेक वर्षे कितीतरी नावांखाली विकले गेले.

आता पट्टीकडे वळू. टेलिमीटर ही पट्टी तोफखान्याशी जोडली गेली. तोफेची चमक दिसली की बटण दाबायचे, धमाका ऐकू आला की पुन्हा दाबायचे. काटा थांबेल तिथे अंतर लिहिलेले. ध्वनीला किलोमीटरभर जायला तीन सेकंद लागतात, एवढे साधे गणित. पण पट्टीने गृहीत धरलेली हवा युरोपातली आहे. शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो. जबलपूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांच्या उन्हात, तो ३५५ च्या आसपास जातो. म्हणजे दहा सेकंदांनंतर पट्टी ३.३ किलोमीटर दाखवेल आणि तोफ प्रत्यक्षात साडेतीन किलोमीटरच्या पलीकडे असेल. घड्याळ कुठल्या हवेत, कुठल्या गिऱ्हाइकाचा विचार करून आखले गेले, हे दोनशे मीटरांच्या या फरकातून कळते.

इथे जाणकार आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. खमरियाच्या चाचणी-मैदानासारख्या ठिकाणी गोळ्याचा वेग मनगटी घड्याळाने मोजत नाहीत. त्यासाठी १८६० च्या दशकातच बेल्जियन अधिकारी ल बूलांजे याने विजेच्या चुंबकातून सुटणाऱ्या दांड्यांचे वेगळे उपकरण केले होते. तासाला १८,००० ठोके देणारे मनगटी यंत्र सेकंदाचा पाचवा भागच दाखवते, आणि तेवढ्या वेळात ध्वनी सत्तर मीटर पुढे गेलेला असतो. हे सगळे मान्य. पण टेलिमीटरचा दावा प्रयोगशाळेचा कधीच नव्हता. तो उघड्या मैदानावरच्या माणसाला जागच्या जागी अंदाज देत होता. त्या काळी अशा अंदाजाला गिऱ्हाईक होते, इतकेच पट्टी सिद्ध करते, आणि इतिहासाला तेवढे पुरते.

वेगाची पट्टी, म्हणजे टॅकीमीटर, ही ३,६०० भागिले सेकंद. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत गाडीला ४५ सेकंद लागले तर वेग ताशी ८०. मैलाच्या दगडांनाही तीच पट्टी चालते. टेलिमीटरचे तसे नाही : त्यावर मैल छापलेत की किलोमीटर, यावरून घड्याळ कुठल्या बाजारासाठी होते ते ओळखता येते. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्याआधी मैलच चालत. डॉक्टरांच्या पट्टीला सहसा नाडीचे तीस ठोके मोजावे लागत. त्यांना २५ सेकंद लागले तर काटा ७२ वर थांबतो.

१९५७ च्या ओमेगा स्पीडमास्टरने वेगाची पट्टी तबकडीवरून बाहेरच्या कड्यावर नेली, १९६३ च्या रोलेक्स डेटोनाचीही रचना तशीच होती. माझ्या दृष्टीने खरा सांधा हाच. क्रोनोग्राफ आता डॉक्टरचा किंवा तोफखान्याचा राहिला नाही, मोटारशर्यतीचा झाला. १९६९ मध्ये झेनिथ, होयर-ब्राइटलिंग गट आणि सेको यांनी काही महिन्यांच्या अंतराने आपोआप चावी भरणारे क्रोनोग्राफ आणले, आणि त्याच वर्षाअखेर सेकोचे क्वार्ट्झ घड्याळही आले. भारतात १९६१ पासून सिटिझनच्या सहकार्याने एचएमटी घड्याळे बनवत होती, पण घरोघरी पोचली ती ‘जनता’सारखी साधी, तीन काट्यांची.

दुसरा आक्षेप बाजाराचा. किंमत नावाने ठरते, पट्टीबिट्टीने नव्हे, असे म्हणतात. अभिनेता पॉल न्यूमनचे डेटोना २०१७ मध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरवर गेले, ते मालकाच्या नावामुळे, हे खरेच. पण त्याच्या जातीची, मालक अनोळखी असलेली घड्याळेही साध्या डेटोनापेक्षा कित्येक पट महाग विकली जातात. यंत्र तेच, पेटी तीच. वेगळी आहे ती फक्त तबकडी. बाजारालाही शेवटी तबकडीच वाचावी लागते.

म्हणूनच आपल्याकडे जुन्या तबकड्या सर्रास नव्याने रंगवल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते. रंगवणारा आकडे जाड करतो, खालचे ‘स्विस’ अर्धे कापतो, पट्टीच्या रेषा हलवतो. खात्री करणे सोपे आहे : टॅकीमीटरवर ३० सेकंदांसमोर १२० आणि ४० समोर ९० यायलाच हवेत, किलोमीटरच्या टेलिमीटरवर तीन सेकंदांशी १. घड्याळ वापरायचे असते, डागाळलेली तबकडी कशाला ठेवायची, असे कुणी म्हणेल. तेल, स्प्रिंग, काच, पट्टा खुशाल बदला. ते झिजण्यासाठीच असतात. पण आजोबांचा क्रोनोग्राफ दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर एक ओळ आवर्जून लिहून घ्या : डायलला हात लावू नये.