सिमेंटच्या पत्र्याची धूळ

मे महिन्याच्या शेवटी आमच्या वस्तीतल्या विहाराचे पत्रे बदलायचे काम निघाले. वर्गणी जमली, पोरे हौसेने वर चढली. जुने पत्रे हातोड्याने फोडून खाली टाकत होती आणि नवे पत्रे अंगणातच ग्राइंडरने कापणे चालू होते. पांढऱ्या धुळीचे लोट उठत होते. समोरच्या ओट्यावर बाया लेकरे मांडीवर घेऊन बघत बसलेल्या. मी काम थांबवायला सांगितले तर एक जण म्हणाला, "ताई, सिमेंटच तर आहे. आणि तोंडाला रुमाल बांधलाय ना."

ते नुसते सिमेंट नसते. आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो त्यात बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आसपास अ‍ॅस्बेस्टॉस असते. हा खडकातून निघणारा तंतू. तो जळत नाही, गंजत नाही, सिमेंटला धरून ठेवतो, म्हणून पत्रा स्वस्त आणि टिकाऊ होतो. लोखंडी पत्र्यासारखा तापतही नाही. गरिबाच्या डोक्यावर तो आला तो असा.

पत्रा शाबूत आहे तोवर धोका कमी. तो कापला, फोडला, भोक पाडले, तारेच्या ब्रशने शेवाळ घासले, की तंतू हवेत सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, रुमालाने अडत नाहीत. फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. फुप्फुस हळूहळू कडक होते, त्या आजाराला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, बीजकोशाचा कर्करोग होऊ शकतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग तर बहुतांशी याच तंतूमुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच रांगेत ठेवले आहेत. सोबत बिडी-सिगारेट असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. आणि धूळ आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत अनेकदा वीस ते चाळीस वर्षे जातात.

ही चाळीस वर्षे हाच खरा घात आहे. मी छातीच्या वॉर्डात नोकरीला होते तेव्हा केसपेपरवर 'व्यवसाय' असा एक रकाना असे. मी स्वतः त्यात कितीदा नुसते 'मजूर' लिहिले आहे. गर्दीच तेवढी. एक आजोबा धाप आणि कोरडा खोकला घेऊन आले होते. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या चालू झाल्या. ते जवळजवळ वीस वर्षे बॉयलरच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टण चढवत होते, हे मला त्यांच्या बायकोने सांगितले, तेही ते गेल्यानंतर. त्या नवऱ्याचे कामाचे कपडे रोज अंगणात झटकून धूत असत. मृत्यूच्या कागदावर कारण लिहिले गेले, श्वसनक्रिया बंद पडली. मी काही बोलले नाही.

आता सरकार काय करते ते बघा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे आपल्या सरकारने १९८६ सालीच थांबवले. अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा परदेशातून आणायला घातक कचऱ्याच्या नियमांनी बंदी आहे. २००६ साली फ्रान्सची क्लेमान्सो नावाची जुनी युद्धनौका तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगला निघाली होती. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे म्हणून एवढा गदारोळ झाला की त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी ती माघारी बोलावली. पण कोरा, नवा तंतू पोत्यांत भरून आणायला मात्र मोकळीक! तो आणणाऱ्या देशांत आपण अगदी वरच्या रांगेत आहोत. रॉटरडॅम करारात घातक मालाची एक यादी असते. यादीत आलेल्या मालावर बंदी येत नाही, विकणाऱ्याने आधी धोका कळवून घेणाऱ्याची संमती घ्यायची, एवढेच. पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस त्या यादीत घालायला भारताने २०११ मध्ये होकार दिला आणि २०१३ मध्ये विरोध केला. युरोपात २००५ पासून बंदी आहे, आपल्या शेजारच्या नेपाळनेही बंदी घातली, अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये उरलेसुरले पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस बंद करण्याचा नियम काढला.

आपल्याकडचे उत्तर ठरलेले असते: काळजीपूर्वक वापरले तर धोका नाही. कारखान्याच्या चार भिंतींत हवा मोजता येते, हे मान्य. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने, कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवा, आणि त्याचा विमा उतरवा. फार मोलाचा निकाल आहे. ज्या ईएसआयमधून आज कामगाराला उपचार मिळतात तिचा पाया अडारकर अहवालाने १९४४ साली घातला, तेव्हा मजूर खात्याचे मंत्री बाबासाहेब होते, हेही आपल्या पोरांना माहीत असावे.

पण नाक्यावर उभा राहणारा मजूर कोणत्या हजेरीपटावर आहे? विहारावर चढलेल्या आमच्या पोरांची नोंद कोण ठेवणार? नियंत्रण कारखान्याच्या गेटपाशी संपते. पत्रा पुढे पन्नास वर्षे आपल्या घरावर राहतो, फुटतो, भंगारात जातो.

म्हणून नोंद आपणच ठेवायची. कधीही असले काम केले असेल तर कारखान्याचे किंवा ठेकेदाराचे नाव, वर्षे, सोबतच्यांची नावे वहीत लिहा. जुनी पगारचिठ्ठी, ईएसआयचे कार्ड, एक्स-रे फेकू नका. धाप लागून दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कायद्याने मान्य व्यवसायजन्य आजार आहे, त्याची भरपाई मागता येते, पण कागदावर 'मजूर' एवढेच असेल तर मागणार कशाच्या आधारावर?

घरचा चांगला पत्रा घाबरून काढायला जाऊ नका, काढतानाच जास्त धूळ उडते. काढावाच लागला तर आधी पाण्याने चिंब करा, खिळे-बोल्ट सोडवून अख्खा उतरवा, ग्राइंडर लावू नका. लेकरे लांब. खाली पडलेले कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. कामाचे कपडे झटकायचे नाहीत, भिजवून वेगळे धुवायचे. फुटके तुकडे अंगणात भरावाला घालू नका. नवीन छत घालताना दुकानदाराला अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला पत्रा मागा. असे पत्रे मिळतात, थोडे महाग पडतात. अंगणवाडी, शाळा, समाजमंदिर यांच्यावर सरकारी पैशाने हा पत्रा नको, असा ठराव ग्रामसभेत, वॉर्डसभेत मांडता येतो. आमच्या महिला मंडळाने तो लिहून दिला आहे.

विहाराचे उरलेले काम त्या दिवशी पाण्याचा पाइप लावून केले. फुटलेले तुकडे भिजवून प्लास्टिकच्या गोण्यांत भरले, तोंडे बांधली. कारखान्यातून निघाला तर हाच माल घातक कचरा ठरतो, म्हणून तो कुठे द्यायचा हे विचारायला मी पालिकेच्या कार्यालयात दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा राडारोड्यात टाका म्हणाले, दुसऱ्यांदा लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला आहे. अकरा गोण्या विहाराच्या मागे ताडपत्रीखाली आहेत, आणि पोरांनी त्यावर खडूने लिहिले आहे, 'हात लावू नये'. पावसात ते पुसले की पुन्हा लिहितात.