अब्रू कोणाची? बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांविषयी आपली धारणा

'अब्रू' हा शब्द फारसीतून आपल्या दोन्ही भाषांत आला. 'आब' म्हणजे पाणी, तेज. 'रू' म्हणजे चेहरा. मराठीत 'मुलीची अब्रू गेली' आणि उर्दूत 'लडकी बेआबरू हो गई' असे आपण सहज म्हणतो. या वाक्यांत अत्याचार करणारा कोठेच नाही. गमावणारी तेवढी आहे. कलंकाची सुरुवात येथूनच होते, असे माझे मत आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिकच होते. मुलग्याला मात्र 'अब्रू' नसते. त्याचे सांगणे हसण्यावारी जाते, नाहीतर त्याच्या मर्दानगीवरच शंका घेतली जाते.

अत्याचारी पुष्कळदा घरचा किंवा विश्वासातला निघतो. मग वडीलधारी मंडळी 'पर्दापोशी'चा दाखला देतात: झाकावे, नाहीतर पुढे रिश्ता येणार नाही. पर्दापोशी ही माणसाच्या स्वतःच्या चुकीपुरती असते. दुसऱ्यावर केलेल्या जुलमावर पांघरूण घालण्यास ती लागू करणे हा शब्दाचाही विपर्यास आहे. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्टीचा उघड उच्चार नापसंत ठरवताना मजलूमाचा अपवाद स्पष्टपणे केला आहे. शिवाय नाबालिग मूल शरीअतच्या दृष्टीने मुकल्लफच नसते. ज्याच्यावर जबाबदारी नाही, त्याच्या माथी गुनाह कसा येतो?

अकरावी-बारावीचे आपले बहुतेक विद्यार्थी १८ वर्षांखालील असतात, म्हणजे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कक्षेत येतात. हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांस कळविणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्राध्यापक त्यातून सुटत नाहीत. म्हणून 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द विद्यार्थ्यास देऊ नये. 'ज्यांना सांगणे भाग आहे, त्यांनाच सांगेन' एवढेच म्हणावे.

'गावभर होईल' ही पालकांची भीती खोटी नाही. त्यांना कलम २४ समजावून सांगावे: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि ती गणवेशात नसते. मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा यांपैकी काहीही वृत्तपत्रांस छापता येत नाही.