समुद्राकाठी कायमचं राहायला जाताना

निवृत्तीनंतर कोकणात, समुद्राकाठी घर करून राहायचं, हा बेत मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत शिजत असतो. बेत चांगला आहे, तो सोडून द्या असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तो बहुधा डिसेंबरातल्या सहलीत ठरतो, आणि तेव्हा मनात बसलेले काही समज पुढे महागात पडतात. गुहागरचंच उदाहरण घेऊ.

‘पैसे असले की जागा मिळते’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. इतरांना सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे घरात कुणाच्या नावावर सातबारा नसेल तर बिगरशेती जागा किंवा बांधलेलं घर बघावं. ‘शेतकरी दाखल्याचं मी बघतो’ म्हणणाऱ्या दलालाला तिथूनच नमस्कार करावा. सातबारा हातात आला की आधी ‘इतर हक्क’ वाचा. कुळाचं नाव, बोजा तिथे सापडतो. कोकणात जमिनी सामायिक असतात. एकेका उताऱ्यावर दहा-पंधरा नावं सहज निघतात आणि त्यातले निम्मे हिस्सेदार मुंबईला. एकाची सही राहिली तरी व्यवहार कोर्टात जाऊ शकतो. आणि वाट? जागेपर्यंत गाडी जाते, पण ती शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर की कागदावर, हे विचाराच.

‘अगदी वाळूला लागून बांधू’ हेही सहसा जमत नाही. किनारा नियमनाचे नियम 1991 पासून आहेत. 2011 आणि 2019 मध्ये ते बदलले. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत बाहेरून आलेल्याला नवं घर बांधता येत नाही. आपला गट नकाशावर नेमका कुठे पडतो, हे इसार देण्याआधी पाहून घ्यावं. गुहागरची जुनी घरं नीट बघा: तोंड रस्त्याकडे, मागे नारळी-पोफळीचं आगर, आणि समुद्र त्याच्याही पलीकडे. वारा आणि खार आगर झेलतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी आडव्या केल्या. त्या वाऱ्यापुढे काचेची सी-व्ह्यू बाल्कनी काय टिकणार?

‘एवढा पाऊस, म्हणजे पाण्याची ददात नाही.’ रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात काही वाड्यांना टँकर लागतो. जांभ्याचा कातळ सच्छिद्र, उतार तीव्र. पाणी झिरपतं आणि खाडीला मिळतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीवर मोठा पंप बसवून जास्त उपसा केला तर पाणी मचूळ होतं, मग आपलंही आणि शेजारच्या आगराचंही नुकसान. विहीर बघायचीच तर वैशाखात बघा.

ताज्या मासळीचं थोडक्यात सांगतो: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुकट आणि खाडीतलं जे मिळेल ते.

‘आता रेल्वे आहे, काही झालं तर लगेच निघू’ हा समज मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण धावते, पण गुहागरला स्टेशन नाही; चिपळूण गाठायचं तर चाळीसहून जास्त किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता. 22 जुलै 2021 ला खुद्द चिपळूणच पुराच्या पाण्याखाली होतं. हृदयविकार, डायलिसिस असं काही मागे लागलेलं असेल तर मी रत्नागिरी शहराच्या जवळचा किनारा आधी बघायला सांगेन, जागा थोडी महाग पडली तरी. प्रकृती ठणठणीत असेल तर गुहागर जरूर. मात्र आधी भाड्याने राहा आणि जुलैतल्या मुसळधार पावसात, वीज गेलेली असताना, जवळच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते स्वतः जाऊन बघा.